अमेरिकेतील विद्यार्थी व्हिसा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्च-एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेव्हिस’ या सरकारी प्रणालीतील नोंदी अचानक रद्द झाल्या. कोर्टकचेऱ्या झाल्यावर एप्रिलअखेरीस त्या पूर्ववत होऊ लागल्या. अशा वेळी ऐकीव माहिती मुलांचा घात करते.

गैरसमज : व्हिसाची तारीख उलटली की मुक्काम बेकायदा.
वस्तुस्थिती : पासपोर्टवरचा व्हिसा अमेरिकेत प्रवेश मिळवण्यासाठी असतो. तिथे राहण्याचा हक्क ‘स्टेटस’वर, म्हणजे चालू शिक्षण, वैध आय-२० (विद्यापीठाने दिलेले पात्रतेचे प्रमाणपत्र) आणि सेव्हिसमधील नोंद यांवर ठरतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याच्या आय-९४ या प्रवेश-नोंदीवर आजवर तारखेऐवजी ‘डी/एस’, म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंत, अशी नोंद होत आली आहे. तिथे ठरावीक मुदत घालण्याचा प्रस्ताव सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला. म्हणून आपला आय-९४ स्वतः वाचावा. व्हिसा सरकारने ‘रद्द’ केला असेल, तर मात्र ताबडतोब वकील गाठावा.

गैरसमज : सरकारी यादीत नाव आहे, म्हणजे विद्यापीठ खरे.
वस्तुस्थिती : मिशिगनमधील ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’चे नाव अशा यादीत होते. तिथे ना वर्ग भरत, ना प्राध्यापक होते. तो इमिग्रेशन खात्यानेच लावलेला सापळा होता. जानेवारी २०१९ मध्ये पहिल्या झटक्यात पकडलेल्या १३० जणांपैकी १२९ भारतीय होते. वर्ग न घेता कामाचा परवाना देणारी संस्था दिसली, की दूर राहावे.

गैरसमज : गुन्हा केला नाही, तर कुणी हात लावणार नाही.
वस्तुस्थिती : इमिग्रेशनची अटक दिवाणी स्वरूपाची असते, तिला गुन्हा लागत नाही. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातील एका तुर्की पीएचडी विद्यार्थिनीला कोणताही फौजदारी आरोप नसताना रस्त्यावर पकडले. सुमारे सहा आठवड्यांनी न्यायालयाच्या आदेशाने ती सुटली.

गैरसमज : पैसे नसतील, तर वकील सरकार देते.
वस्तुस्थिती : फौजदारी खटल्यात देते, इमिग्रेशन कोर्टात वकील स्वखर्चाने करावा लागतो. गप्प राहण्याचा हक्क मात्र असतो. न वाचता, वकिलाला न विचारता कोणत्याही कागदावर सही करू नये. त्यात स्वेच्छेने देश सोडण्याची कबुली असू शकते.

गैरसमज : अटकेची बातमी भारतीय वाणिज्य दूतावासाला आपोआप जाते.
वस्तुस्थिती : १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासाला कळवून घेण्याचा हक्क आहे, पण भारतीयाला तो मागून घ्यावा लागतो. दूतावासाचे अधिकारी भेटू शकतात, घरी कळवू शकतात. सुटका त्यांच्या हातात नसते.

पालकांनो, मुलाच्या पासपोर्टची, आय-२० ची आणि आय-९४ ची प्रत आजच घरी ठेवा. अटक झाली, तर इमिग्रेशन खात्याने त्याला दिलेला नऊ अंकी ‘ए-नंबर’ मिळवा. त्यावरून तो कोणत्या स्थानबद्धता केंद्रात आहे हे शोधता येते. आणि विद्यार्थ्यांनो, विषय सोडण्याआधी, नोकरी धरण्याआधी, पत्ता बदलताना विद्यापीठातल्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारा. चूक झाल्यावर विचारलेला प्रश्न बहुधा उशिराचा ठरतो.