हिरो दोरावर, फोटोग्राफर त्याच्याही वर

बुटांची, जॅकेटची नाहीतर घड्याळाची जाहिरात. सरळसोट कड्याला एक गडी बोटांच्या टोकांवर लटकलाय. हा काही सेकंदांत पडेल की काय, असं आपल्याला वाटतं, पण एक साधा प्रश्न सुचत नाही: याचा फोटो काढणारा कुठे उभा आहे? तर तो उभा नाहीच. तोही लटकलाय. जमेल तिथे मागच्या सोप्या वाटेनं माथा गाठायचा, वरून दोर सोडायचा आणि हिरो पोहोचण्याआधी जागा धरून ठेवायची, हा त्याचा नेहमीचा कार्यक्रम.

एवढा खटाटोप कशाला? कारण पायथ्याशी उभं राहून वर कॅमेरा रोखला, तर फोटोत पार्श्वभूमी कमी आणि पार्श्वभाग जास्त येतो. क्लाइंबिंगच्या फोटोग्राफरांत अशा फोटोची यथेच्छ टिंगल होते. चेहरा, पकड आणि खालची दरी एकाच चौकटीत हवी तर वरूनच बघायला हवं. दोरावरून वर सरकायला तो जे जुमार वापरतो, ते आपल्या ट्रेकिंग क्लबांनाही ओळखीचं. पण त्याचा जन्म गिर्यारोहणासाठी झालेला नाही. १९५८च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये गरुडांचा अभ्यास करणाऱ्या एकाला दोरावर चढता यावं म्हणून ते घडवलं गेलं.

या लटकण्याची कमाल ‘फ्री सोलो’ या माहितीपटाच्या वेळी झाली. ३ जून २०१७ला अ‍ॅलेक्स होनॉल्ड कॅलिफोर्नियातला एल कॅपिटान हा सुमारे ३,००० फुटांचा कडा दोराशिवाय ३ तास ५६ मिनिटांत चढला. ते टिपणारा फोटोग्राफर जिमी चिन आणि त्याचे कॅमेरावाले साथीदार दोरांवर होते. सगळे स्वतः कसलेले गिर्यारोहक, आणि धास्ती सगळ्यांना एकच: आपल्या हातून लेन्सचं झाकण जरी निसटलं तरी खाली मित्र आहे. सगळ्यात अवघड टप्प्यावर म्हणून माणूस ठेवलाच नाही, दुरून चालणारा कॅमेरा लावला. खाली जमिनीवर उभ्या असलेल्या कॅमेरामननं तर कॅमेरा चालू ठेवून स्वतःची मान फिरवली. सिनेमाला २०१९मध्ये ऑस्कर मिळालं. मान फिरवणाराही त्यात दिसतो, आणि माझ्या मते सगळ्यात खरा, अभिनय न करणारा माणूस तोच.

काच, बर्फ आणि जीभ

आजचे फोटोग्राफर पाठीवरच्या वजनाची तक्रार करतात तेव्हा त्यांना व्हित्तोरियो सेल्लाचं नाव सांगावं. १८९९मध्ये कांचनजंगाला फेरा घालताना आणि १९०९मध्ये केटूच्या मोहिमेवर या इटालियन माणसानं डोंगरांचे फोटो काढले ते काचेवर. त्याच्या मोठ्या प्लेटा ३० बाय ४० सेंटिमीटरच्या, एकेक जवळजवळ किलोभराची. एक प्लेट म्हणजे एक फोटो. आता ‘बर्स्ट मोड’वर बोट ठेवून बसणाऱ्यांनी हिशेब करावा.

स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेवरचा हर्बर्ट पॉन्टिंग १९११मध्ये किलर व्हेलचे फोटो काढायला बर्फाच्या कडेला गेला. व्हेलांनी खालून धडका देऊन त्याच्या पायाखालचा बर्फच फोडला. तुकड्यातुकड्यांवर उड्या मारत गडी कॅमेऱ्यासकट परतला. पुढे एकदा फोकस करताना त्याची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला लागली आणि तिथेच गोठून चिकटली. सोडवताना कातडं गेलं.

थंडीचा जाच अजून आहेच. गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेली बॅटरीही मान टाकते. म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. कॅमेऱ्याला मात्र ही ऊब नाही. थंडगार कॅमेरा उबदार तंबूत आणला की काचेवर दव धरतं, त्यामुळे त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बंद करून मगच आत घेतात. सह्याद्रीत उलटं दुखणं. इथे पावसाळ्याची ओल लेन्समध्ये बुरशी लावते, आणि जुलैत ट्रेक करून आल्यावर सिलिका जेलची पुडी विसरणाऱ्याला दिवाळीत पश्चात्ताप होतो.

२९ मे १९५३ला एडमंड हिलरीनं कॅमेरा शर्टाच्या आत ठेवूनच एव्हरेस्टवर नेला होता. माथ्यावर तेनझिंगचा फोटो निघाला, हिलरीचा नाही. का? हिलरीचं म्हणणं, तेनझिंगला कॅमेरा चालवता येत नव्हता आणि शिकवणी घ्यायची ती जागा नव्हे. तेनझिंगच्या आत्मचरित्रात वेगळंच आहे: मी फोटो काढू का, असं खुणेनं विचारलं तर हिलरीनंच मान हलवून नको म्हटलं. कुणाचं खरं मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

फोटोग्राफरला स्वतःला फुकटात फोटोत यायचं असेल तर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा गाठावा. सकाळी पाठीशी सूर्य आणि समोरच्या दरीत धुकं असा योग जुळला, तर गोल इंद्रधनुष्याच्या मधोमध आपलीच सावली दिसते. हेच ते इंद्रवज्र. शेजारी उभ्या माणसाला कडं दिसतं ते त्याच्या सावलीच्या डोक्याभोवती, त्यामुळे भांडणही नाही.

आता पैशाचं बोलू

गेलन रॉवेलचं मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान होतं. १९७२मध्ये ते विकून तो पूर्णवेळ फोटोग्राफर झाला. १९८१मध्ये ल्हासाला इंद्रधनुष्य दिसताच ते नेमकं पोताला राजवाड्यावर टेकलेलं दिसावं म्हणून तो साडेतीन हजार मीटरहून जास्त उंचीवर पळत सुटला, आणि तोच फोटो त्याची ओळख झाला. इंद्रधनुष्य तिथे सगळ्यांनाच दिसत होतं. पळाला तो एकटा. जिमी चिन वर्षानुवर्षं मोटारीत राहत होता. त्याचा पहिला फोटो ५०० डॉलरना गेला, तेव्हा महिन्याला असा एक विकला की झालं, असा त्याचा भाबडा हिशेब होता.

खरं तर या धंद्यात फोटो बहुधा विकतच नाहीत, भाड्यानं देतात. कॅटलॉगमध्ये वापरणार की चौकातल्या होर्डिंगवर, किती महिने, कोणत्या देशांत, यावर भाडं ठरतं. चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाची लेखी संमतीही लागते. म्हणजे कड्यावरून खाली आल्यावर पहिलं काम पाणी पिणं, दुसरं सही घेणं.

कपड्यांच्या कंपन्या हंगामाच्या खूप आधी कॅटलॉग तयार करतात. हिवाळी जॅकेटांना बर्फ हवा आणि उत्तर गोलार्धात ऐन उन्हाळा असला, तर मंडळी न्यूझीलंड नाहीतर चिली गाठतात. जॅकेट लाल किंवा पिवळंच का, याचंही उत्तर जुनं आहे. कोडाक्रोम फिल्मवर लाल रंग खुलायचा, म्हणून १९५०च्या दशकात ‘नॅशनल जिओग्राफिक’चे फोटोग्राफर माणसांना लाल कपडे घालून निसर्गात उभं करत. इतकं, की त्याची चेष्टा व्हायला लागली. ताऱ्यांखाली कंदिलासारखा उजळलेला तो सुप्रसिद्ध तंबूही असाच: आत कुणी पुस्तक वाचत नसतं, फोटोसाठी दिवा ठेवलेला असतो.

फोटोचा जीव कधी जिवाइतका महत्त्वाचा ठरतो. शॅकल्टननं अंटार्क्टिक मोहिमेच्या खर्चासाठी फिल्मचे हक्क आधीच विकले होते. १९१५मध्ये त्याची बोट ‘एन्ड्युरन्स’ बर्फात चिरडली गेली, तेव्हा मोहिमेचा फोटोग्राफर फ्रँक हर्ली यानं बर्फाळ पाण्यात उतरून निगेटिव्ह बाहेर काढल्या. सगळ्या नेणं अशक्य होतं. दोघांनी बसून सुमारे १२० निवडल्या आणि उरलेल्या चारेकशे तिथेच फोडल्या, नंतर मन बदलायला नको म्हणून.

आणि ज्या फोटोसाठी ना दोर लागला ना बर्फ, त्यानं सगळ्यांवर ताण केली. जानेवारी १९९६मध्ये चार्ल्स ओ’रिअर कॅलिफोर्नियात मैत्रिणीला भेटायला मोटारीनं निघाला होता. वाटेत हिरवीगार टेकडी आणि निळं आभाळ दिसलं, गाडी थांबवून त्यानं फोटो काढला. द्राक्षांवर कीड पडल्यानं तिथले वेल उपटलेले होते, म्हणून नुसतं गवत. तोच पुढे विंडोज एक्सपीचा पडदा झाला, आपल्या सायबर कॅफेंपासून तलाठी ऑफिसपर्यंत. मायक्रोसॉफ्टनं ठरवलेली किंमत ऐकून कुरिअरवाले विम्यासकट ती फिल्म न्यायला तयार होईनात. शेवटी कंपनीनं विमानाचं तिकीट काढून दिलं आणि ओ’रिअर स्वतःच ती घेऊन गेला.