चेंबरच्या तळाशी

गाडीच्या इंजिनाच्या अगदी खाली, ऑईल जिथे साठतं त्या चेंबरमध्ये, लहान वाटीच्या तोंडाएवढी एक जाळी असते. मिस्त्री तिला स्ट्रेनर म्हणतात. चेंबरमधलं ऑईल या जाळीतूनच पंपाकडे चढतं आणि तिथून क्रँकच्या बेअरिंगांना, कॅमशाफ्टला, टर्बो असेल तर टर्बोला पोचतं. गेल्या पावसाळ्यात निघोज्यातल्या एका गॅरेजात माझ्या सोळा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीची जाळी पहिल्यांदा माझ्या हातात आली. मिस्त्रींनी ती उजेडासमोर धरायला सांगितली. पलीकडचं काहीच दिसेना. डांबरासारखा काळा, बोटाला चिकटणारा लगदा भोकाभोकांत बसला होता. ‘साहेब, एवढ्याशा फटीतून तुमचं अख्खं इंजिन ऑईल पीत होतं,’ ते म्हणाले.

खेड तालुक्यातलं निघोजे इंद्रायणीच्या काठी आहे. नदीच्या अलीकडे मोशी-चिखली, पलीकडे हे गाव. चाकण औद्योगिक क्षेत्रातल्या महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या तिन्ही कारखान्यांच्या पत्त्यांत निघोज्याचं नाव सापडतं. २००९-१०च्या सुमारास हे तिन्ही कारखाने चाकणला उभे राहिले आणि ज्वारी-बाजरीच्या शिवारातून कोऱ्या गाड्यांचे ट्रेलर बाहेर पडू लागले. या गाड्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलं. पण त्याच कारखान्यांत शिफ्टला येणारी माणसं स्वतः दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी चालवतात आणि त्या गाड्या कुरुळी फाटा, म्हाळुंगे, तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जगवल्या जातात. मला त्या शेडमधल्या एका कामाबद्दल लिहायचं आहे: इंजिनात साचलेला स्लज काढण्याबद्दल. ते घाईचं काम नाही आणि घाईमुळेच त्यात सगळ्यात जास्त इंजिनं जातात.

स्लज म्हणजे निव्वळ जुनं झालेलं ऑईल, असा समज आहे. तो अपुरा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ, अर्धवट जळलेलं इंधन आणि आम्लधर्मी वायू पिस्टनच्या रिंगांना चकवून खाली चेंबरमध्ये उतरतात. इंजिन नीट तापलं तर ही वाफ ब्रीदरच्या वाटेने निघून जाते. तापलंच नाही, तर ती ऑईलमध्ये थंड होऊन मुरते. ऑईलमध्ये मुद्दाम मिसळलेली डिस्पर्संट नावाची रसायनं काजळीचे बारीक कण एकमेकांना चिकटू देत नाहीत, तर डिटर्जंट आम्ल मारतात आणि गरम भागांवर थर बसू देत नाहीत. म्हणून ऑईल काळं होणं हे वाईट लक्षण नाही. मळ कपड्यावरून निघून पाण्यात आला, तसंच ते. डिझेल गाडीत तर नवं ऑईल दोन-चार दिवसांत काळं होतं आणि व्हायलाच हवं. खरी अडचण होते ती ही रसायनं संपल्यावर. मग धरून ठेवलेला सगळा मळ एकदम सुटतो आणि जिथे प्रवाह मंद, तिथे बसतो: टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यांत, हेडवरून ऑईल खाली परतायच्या भोकांत, चेंबरच्या तळाशी.

आता आपल्या भागाकडे पाहा. मोशीहून निघोज्यात कामाला येणारा माणूस दिवसाला फार किलोमीटर कापत नाही. पण चाकणच्या कोंडीत तो किती वेळ उभा असतो, हे मीटर सांगत नाही. ताशी सरासरी ६० किलोमीटरने १०,००० किलोमीटर झाले, तर इंजिन सुमारे १६७ तास चाललं. तेच अंतर ताशी २० ने कापलं तर ५०० तास. ऑईल मात्र दोघंही १०,००० वरच बदलतात. कामगार वस्तीतल्या गाड्यांत स्लज जास्त का, याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे. मालक निष्काळजी असतो म्हणून नव्हे. तो पुस्तकात छापलेला आकडा पाळतो, पण त्याची गाडी उभ्या-उभ्या म्हातारी होते. माझंही हेच झालं होतं.

हा रोग जगभर होऊन गेला आहे. १९८०च्या दशकात युरोपात काळ्या स्लजने इतकी इंजिनं अडवली की ऑईलची कसोटी घ्यायला खास चाचण्या बसवाव्या लागल्या. त्यांतल्या एकीसाठी मर्सिडीजचं एम १०२ हे इंजिन निवडलं गेलं, पुढे त्याच कंपनीची एम १११ आणि एम २७१ ही इंजिनं आली. इंजिन ठरलेल्या चक्रात तासन् तास गरम-थंड करून चालवायचं, मग खोलायचं आणि आतल्या भागांना डोळ्यांनी पाहून दहापैकी गुण द्यायचे. अमेरिकेतली फोर्डच्या इंजिनावरची अशीच एक चाचणी २१६ तास चालायची. इतक्या यंत्रसामग्रीच्या जगातही शेवटचा निवाडा अनुभवी नजर करते, याचं मला फार अप्रूप वाटतं. तरीही चुका झाल्याच. १९९७ ते २००२ च्या काही इंजिनांतल्या स्लजपायी टोयोटाला २००२ मध्ये सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी खास दुरुस्ती योजना आणावी लागली. फोक्सवॅगननेही २००४ मध्ये १.८ टर्बोच्या पसाट गाड्यांना आठ वर्षांपर्यंत संरक्षण दिलं. त्या इंजिनात ऑईल कमी मावायचं आणि टर्बोची आच जास्त होती.

मिस्त्रींकडे चाचणीचा बाक नाही. त्यांनी आधी ऑईल भरायचं झाकण काढलं आणि बॅटरी मारून आत पाहिलं. झाकणाखाली ताकासारखा पांढरट फेस असेल तर ते बहुधा वाफेचं पाणी असतं. पण कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅसकेटवर संशय घ्यायचा. माझ्या गाडीत तपकिरी-काळा थर होता. मग इंजिन चालू ठेवून त्यांनी ब्रीदरचा पाइप काढला आणि तोंडाशी तळहात धरला. वाफ भकभक येत असेल तर रिंगा झिजल्यात, नुसती सफाई पुरणार नाही, हाफ इंजिनचं काम काढावं लागेल. माझं तिथवर गेलं नव्हतं. गरम इंजिन आयडलला आलं की ऑईलचा लाल दिवा क्षणभर लुकलुकायचा, एवढंच. त्यांना तेवढं पुरेसं होतं.

ऑईलमध्ये फ्लश, म्हणजे सफाईचं रसायन, टाका, दहा मिनिटं चालवा, काम झालं, असं मला दोघांनी सांगितलं होतं. एकाने तर ऑईलमध्ये लिटरभर डिझेल ओतायला सांगितलं. मिस्त्रींनी दोन्हींना नकार दिला. डिझेलने ऑईल पातळ होतं, बेअरिंगवरचा थर फाटतो. जोरकस फ्लशने स्लज विरघळत नाही, त्याचे पोपडे सुटतात आणि थेट जाळीवर येऊन बसतात. ‘बारा वर्षांत बसलेलं दहा मिनिटांत सुटलं, तर ते जाणार कुठं?’ त्यांनी विचारलं. हलका थर असेल तर चांगला फ्लश चालतो, हे त्यांनाही मान्य आहे. पण आधी चेंबर खाली घेतल्याशिवाय थर हलका की जड, हे कळायचं कसं?

म्हणून चेंबर खाली आला. त्याचे बोल्ट सोडवणं सोपं, पण गॅसकेट पेस्टने चिकटलेला पत्रा वाकू न देता सोडवायला अर्धा तास गेला. जाळीत स्लजबरोबर लाल रबरासारख्या बारीक दोऱ्या निघाल्या. आधीच्या कुणीतरी पेस्ट सढळ हाताने लावली होती. दाबल्यावर ती आत वाहिली, सुकली आणि तुटून जाळीत आली. तेव्हापासून पेस्टची नळी हातात घेणारा माणूस किती बारीक रेघ ओढतो, हे मी बघतो. चांगल्या कारागिराची ती खूण आहे.

चेंबर आणि जाळी बाहेर असल्यामुळे डिझेल, ब्रश आणि कॉम्प्रेसरची हवा चालते. वर टॅपेट कव्हर काढल्यावर मात्र हात बदलला. ऑईल परतीच्या भोकांत आधी फडक्याचे बोळे कोंबले, म्हणजे खरवडलेलं काही खाली पडू नये. खरवडायला लोखंड नाही, प्लास्टिकची पट्टी. पुसायला कॉटन वेस्ट नाही, कारण त्याचे धागे सुटतात. त्यांच्याकडे धुतलेल्या जुन्या धोतराचे तुकडे होते. जे हाताला लागत नाही त्याला डिवचायचं नाही, ते पुढच्या ऑईलवर सोडायचं. शेवटी ब्रीदरचा पीसीव्ही वॉल्व्ह. अंगठ्याएवढा हा भाग चिकटला की वाफ कोंडते आणि बाकी सगळी सफाई वर्षभरात वाया जाते. तो त्यांनी कानाशी हलवून पाहिला. खुळखुळला नाही, म्हणून नवा टाकला.

नंतरचं काम गॅरेजबाहेर, माझ्या हातून व्हायचं होतं. योग्य ग्रेडचं पण साधं ऑईल, नवा फिल्टर आणि ५०० किलोमीटरवर पुन्हा बदल. मग १,५०० वर. मग ५,००० वर कायमचं. दर वेळी जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून पाहायच्या. ऑईलमधलं डिटर्जंट उरलेला थर पापुद्र्या-पापुद्र्याने सोडवतं आणि फिल्टर तो झेलतो. ताजं ऑईल हाच सगळ्यात भरवशाचा फ्लश आहे, फक्त त्याला महिने लागतात. आठवड्यातून एकदा गाडी नाशिक रस्त्याला राजगुरुनगरपर्यंत एका दमात न्यायची, म्हणजे ऑईल पुरतं तापेल, हेही त्यांनीच सांगितलं.

 

काढलेलं ऑईल कुठे जातं, याची मला जास्त काळजी आहे. कायद्याने ते घातक कचरा आहे आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. पण निघोज्याच्या उतारावरून ओघळलेलं पाणी इंद्रायणीत जातं आणि इंद्रायणी पुढे आळंदीला. चेंबर धुतलेलं डिझेल गटारात सोडणारी गॅरेजं मी पाहिली आहेत. तीर्थ म्हणून ओंजळीत घेतलं जाणारं पाणी आहे ते. या मिस्त्रींच्या शेडमागे झाकणाचं पिंप आहे, धुतलेलं डिझेलही त्यातच जातं.

महिंद्राच्या चाकणच्या कारखान्यातून आता विजेवरच्या गाड्याही निघतात. त्यांना इंजिनच नाही, म्हणून ना इंजिनाचा चेंबर, ना त्यातली जाळी, ना इंजिन ऑईल. तरी आज रस्त्यावर असलेली इंजिनं अजून कितीतरी वर्षं चालायची आहेत.

५०० किलोमीटरवर पहिला फिल्टर कापला, तेव्हा घड्यांमध्ये काळी साय होती. १,५०० वर ती विरळ झाली. पाच हजारांवरच्या फिल्टरचा कागद काळवंडला होता, पण घड्या मोजता येत होत्या. मिस्त्रींनी त्यातून लोहचुंबक फिरवला, टोकाला काही लागलं नाही, आणि कापलेला फिल्टर पिंपावर निथळायला उलटा ठेवला.