जुन्या कारच्या एसीतील गॅसगळती कशी शोधावी?

समजा, बंगळुरूत तुमच्या घरी पंधरा वर्षांची जुनी कार आहे. मार्चमध्ये ऊन वाढले, एसी लावला, पण हवा गार येईना. गॅरेजवाला म्हणतो, "गॅस संपलाय, भरून देतो." दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

येथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. एसीतला गॅस, म्हणजे शीतक, पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरतो. त्याचा द्रवाचा वायू आणि वायूचा द्रव होत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे तो थोडाफार झिरपतो, हे खरे. पण दोन महिन्यांत एसी निकामी होत असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती शोधल्याशिवाय पुन्हा गॅस भरू नये.

हा प्रश्न फक्त खर्चाचा का नाही?

आजही रस्त्यावर असलेल्या बहुतेक जुन्या कारमध्ये आर-१३४ए हे शीतक असते. त्याची तापमानवाढीची क्षमता १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट धरली जाते. छोट्या कारमधला ४०० ग्रॅम गॅस हवेत गेला, तर तो सुमारे ५७२ किलो कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो. साधारण २५० लिटर पेट्रोल जाळल्यावर एवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याआधीचे आर-१२ ओझोनच्या थरालाही घातक होते. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. आर-१३४एच्या गटातील शीतके कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगाली दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली.

दाबमापक काय सांगत नाही?

इंजिन बंद असताना २५ अंश सेल्सिअसला आर-१३४एचा दाब मापकावर सुमारे ५.७ बार दिसतो. आत थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत हा दाब तापमानावर ठरतो, गॅसच्या वजनावर नाही. घरचा एलपीजी सिलिंडर आठवा: अर्धा रिकामा झाला तरी दाब तेवढाच राहतो, म्हणून आपण तो वजनावर मोजतो. त्यामुळे नुसता काटा पाहून "गॅस पुरेसा आहे" असे म्हणता येत नाही.

शोधाचा क्रम

१. डोळ्यांनी पाहा. गॅसबरोबर काँप्रेसरचे तेलही फिरते. जिथून गॅस जातो तिथे अनेकदा तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. नळ्यांचे जोड, काँप्रेसरच्या शाफ्टचे सील, समोरचा कंडेन्सर आणि गॅस भरण्याचे व्हॉल्व्ह नीट तपासा.

२. साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर जागा सापडली. मात्र बारीक गळतीत बुडबुडे दिसत नाहीत, म्हणून बुडबुडे नसणे हा गळती नसल्याचा पुरावा नव्हे.

३. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर वापरा. हा गॅस हवेपेक्षा सुमारे साडेतीन पट जड असतो, म्हणून टोक जोडाच्या खालच्या बाजूने सावकाश फिरवा. इव्हॅपोरेटर डॅशबोर्डच्या आत दडलेला असतो. पंखा बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि पाणी निचरण्याच्या नळीपाशी तपासा.

४. रंगद्रव्य घाला. तेलात मिसळणारे हे द्रव्य काही दिवस गाडी चालवल्यावर अतिनील दिव्याखाली चमकते. थांबून थांबून होणाऱ्या गळतीसाठी ही पद्धत उपयोगी आहे.

५. गॅस पूर्ण गेला असेल, तर रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन भरा आणि दाब उतरतो का ते पाहा. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नका. तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो.

बंगळुरूची उंची आणि निर्वात चाचणी

दुरुस्तीनंतर पंपाने आतली हवा आणि ओलावा काढतात. समुद्रसपाटीला पूर्ण निर्वातावर मापक पाऱ्याचे सुमारे ३० इंच दाखवतो. बंगळुरू सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचाच दाब कमी असल्याने काटा २७ इंचांच्या आसपास थांबतो. ही गळती नव्हे. पंप बंद केल्यावर काटा शून्याकडे सरकत राहिला, तर मात्र शंका घ्या: गळती असेल किंवा आत ओलावा उरला असेल.

ही चाचणी एकटी पुरेशी नाही. निर्वातात सीलवर जेमतेम एका वातावरणाचा दाब येतो, तोही बाहेरून आत. एसी चालू असताना उच्चदाबाच्या बाजूला दहा बारपेक्षा अधिक दाब आतून बाहेर ढकलत असतो. म्हणून निर्वातात घट्ट बसलेले सील प्रत्यक्षात गळू शकते.

काळजी

बंगळुरूच्या सौम्य हवेत कित्येक महिने एसी लागतच नाही. तेवढ्या काळात शाफ्टच्या सीलवरचा तेलाचा थर वाळतो आणि गळती सुरू होऊ शकते. म्हणून थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवा. गॅस हाताळताना चष्मा आणि हातमोजे घाला; द्रव आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो आणि त्वचा गोठवतो.

स्वाध्याय: एका कारमध्ये ५०० ग्रॅम आर-१३४ए मावतो. गळती न शोधता वर्षात तीनदा पूर्ण गॅस भरला आणि तो सगळा हवेत गेला, तर तो किती किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा होईल?