राइड कागदावर एक, पार्कात दुसरीच! असं का?

बोरिवलीहून बोटीने गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेला असाल, तर राइडची रांग आठवत असेल. या रांगेपायीच कित्येक राइड्स बनता बनता बदलतात.

कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडची 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' आधी चालत बघायचं मेणाच्या पुतळ्यांचं दालन होणार होती. १९६४ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरमध्ये डिस्नीच्या बोट राइडने गर्दी झटपट पुढे सरकवली. मग प्लॅन बदलला. १९६७ मध्ये उघडली ती बोट राइड!

हिशोब सोपा आहे. २४ सीटची गाडी दर २ मिनिटांनी सुटली, तर तासाला ७२० जण. ४ मिनिटं लागली, की ३६०. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला थ्रूपुट म्हणतो. डेमोत भारी वाटणारं फीचर लोड टेस्टमध्ये झोपलं, की मीही ते काढून टाकतो.

पुढच्या वेळी रांगेत टायमर लावा, सीट मोजा. आपला नंबर कधी लागेल, लगेच कळेल.