तलफ आली, फोन कुणाला लावायचा?

हेडफोन लावून निवांत ऐकायला वेळ नसतो, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, मधले "अं" आणि "म्हणजे" तेवढे काढलेत.

विषय आहे सिगारेट सोडण्याचा. थांबा, लगेच पुढं ढकलू नका. फुफ्फुसाचे फोटो, कॅन्सरची भीती यातलं आज काही नाही. ते पाकिटावर छापलेलं असतंच आणि ते बघूनच आपण पाकीट खिशात टाकतो. आज फक्त एवढंच बोलू : सोडायचं ठरवल्यावर मध्येच जी तलफ येते, तिचं काय करायचं? आणि ते एकट्यानं का करायचं नाही?

तलफ किती वेळ टिकते?

झुरका घेतला की निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. तिथं डोपामीन सुटतं आणि बरं वाटतं. पण रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग मेंदू पुढचा हप्ता मागायला लागतो. चिडचिड, अस्वस्थपणा, कामात लक्ष नाही. पुढची सिगारेट आपल्याला "आराम" देते असं वाटतं, पण खरं तर आधीच्या सिगारेटनं जो त्रास लावून ठेवला, तेवढाच ती मिटवते. जुनं कर्ज फेडायला नवीन कर्ज काढायचा प्रकार.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. नंतर उतार पडतो आणि बहुतेकांचा शारीरिक त्रास दोन ते चार आठवड्यांत बराच कमी होतो. आता महत्त्वाचं ऐका. तलफ दिवसभर एकसारखी चालू नसते. ती लाटेसारखी येते, चढते आणि काही मिनिटांत ओसरते. तुम्ही ओढा किंवा ओढू नका, ती ओसरतेच.

म्हणजे "आयुष्यभर सिगारेट नाही" हा प्रश्न एका वेळी सोडवायचाच नाहीये. आत्ताची पाच-दहा मिनिटं काढायची आहेत, बस्स.

मग जमत का नाही?

कारण ती पाच मिनिटं आपण नेमकी चुकीच्या ठिकाणी असतो. मलकापुरात महामार्गालगतची कुठलीही टपरी घ्या. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, पण चहा सांगताना "एक दे रे" म्हटलं की हातात येते. सोबत दोघं-तिघं पेटवून उभे असतात. वर "आज सोडलीस काय? उद्या बघू!" असा टोमणा. अशा वेळी एकट्याची इच्छाशक्ती किती टिकणार? कुणाच्याही मदतीशिवाय सोडायला जाणाऱ्या शंभरातले तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभर टिकतात, असं अभ्यास सांगतात.

आपण सिगारेट लावून घेतली ती टोळक्यात. मग सोडताना मात्र एकटंच का लढायचं?

यावर एक भारी अभ्यास आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात हृदयरोगाचा जुना, मोठा अभ्यास चालू आहे. त्यातल्या १२,०६७ जणांचं एकमेकांशी असलेलं नातं दोन संशोधकांनी तपासलं. १९७१ ते २००३ या काळात कोण कुणाचा मित्र, कुणाचा भाऊ, कुणी कधी सिगारेट सोडली, सगळं. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. नवरा-बायकोतल्या एकानं सोडली की दुसऱ्यानं ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होत होती. मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी. लोक सुटेसुटे नाही, घोळक्यानं सोडत होते. अख्खं टोळकं विझत होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग एका मशीनमध्ये नाहीये, नेटवर्कमध्ये आहे. दुरुस्तीही तिथंच करावी लागणार.

देणाऱ्यालाही मिळतं

१९३५ ची गोष्ट. बिल विल्सन नावाचा एक माणूस कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात आला होता. काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेली, काम फसलेलं आणि हॉटेलात समोरच बार. त्यानं काय केलं? फोन फिरवायला सुरुवात केली. स्वतःला मदत करणारा कुणी मिळावा म्हणून नाही हं! ज्याला आपण मदत करू शकू असा दुसरा दारूत अडकलेला माणूस हवा होता. तो सापडला, एक डॉक्टर. दोघं बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली. दुसऱ्याला सावरताना आपला तोल राहतो, हे त्याला कळलं होतं.

आपल्याकडे पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच करतंय. तिथून बरे झालेले कित्येक जण पुढं तिथंच नव्यांसोबत काम करतात. आपल्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली परिवर्तन ही संस्थाही व्यसनमुक्तीचं काम करते.

आणि हे मोबाईलवरही चालतं. ब्रिटनमध्ये ५,८०० जणांवर एक चाचणी झाली, २०११ मध्ये छापून आली. निम्म्यांना सोडायला मदत करणारे मेसेज यायचे. तलफ आली की एक शब्द पाठवायचा, लगेच उत्तर हजर. हवं तर सोडणारा दुसरा कुणी जोडीदार म्हणूनही मिळायचा. सहा महिन्यांनी तोंडी शब्दावर विश्वास न ठेवता लाळ तपासली. मेसेजवाल्यांत १०.७ टक्के सुटले होते, बाकीच्यांत ४.९ टक्के. दुपटीहून जास्त. शंभरात अकराच, म्हणून नाराज होऊ नका. हा एका प्रयत्नाचा हिशोब आहे आणि प्रयत्न किती करायचे याला मर्यादा नाही.

ग्रुप कसा करायचा?

आम्ही चौघं कॉलेजचे मित्र. दोघं मलकापुरात, एक हिंजवडीत, एक बंगळुरूला नाईट शिफ्टवर. तिघं सिगारेटवाले, एक तंबाखू मळणारा. आमचे नियम सांगतो, आवडतील ते घ्या.

१. तिघं-चौघंच. चाळीस जणांच्या ग्रुपवर सगळे वाचतात, उत्तर कुणीच देत नाही.

२. मेसेज पेटवायच्या आधी करायचा. एकच शब्द : "तलफ". कारण नको, स्पष्टीकरण नको.

३. वार वाटून घ्यायचे. सॉफ्टवेअरमध्ये ऑन-कॉल असतं ना, सर्व्हर बसला की ज्याची पाळी त्यानं उठायचं? तसंच. ज्याचा वार त्यानं पाच मिनिटांच्या आत फोन लावायचा.

४. फोनवर प्रवचन नाही. मॅच, पिक्चर, बॉसच्या तक्रारी, काहीही. दहा मिनिटं काढायची. तोवर समोरच्यानं चालत राहायचं आणि ग्लासभर पाणी प्यायचं. चोवीस तास पाण्याच्या योजनेनं मलकापूर देशात गाजलंय, तेव्हा पाणी नव्हतं ही सबब चालणार नाही!

५. ओढलीच, तर लपवायचं नाही आणि बाकीच्यांनी हिणवायचं नाही. किती वाजता, कुठं, कुणाबरोबर, एवढंच विचारायचं. जेवल्यावर असेल तर उद्या जेवल्यावर कुणीतरी आधीच फोन करायचा. टपरीवर असेल तर महिनाभर चहा दुसरीकडं.

तंबाखूवाल्याला बाहेर ठेवू नका. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ सिगारेट-बिडी ओढत होते आणि २४.४ टक्के तंबाखू, मिश्री, मावा असलं काहीतरी तोंडात धरत होते. निकोटीन तेच, तलफही तीच.

जिथं ग्रुप पुरत नाही

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल, तर सवय खोल गेलीय असं समजा. अशा वेळी डॉक्टरांशी बोला. निकोटीनचा च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतो, पण तो साध्या च्युइंगमसारखा चघळत राहायचा नाही. थोडा चावायचा, तोंडात चुणचुण झाली की गालात धरून ठेवायचा, चुणचुण गेली की परत चावायचा. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ई-सिगारेटचा पर्याय डोक्यातून काढा, भारतात २०१९ पासून बंदी आहे.

फोन लावायला कुणीच नसेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी टोल-फ्री क्विटलाइन आहे. नंबर पाकिटावरच छापलेला असतो, पाकीट फेकायच्या आधी मोबाईलमध्ये सेव्ह करा. अनेक जिल्हा रुग्णालयांतही तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं.

आता आमचा हिशोब. चौघांतले तिघं सध्या बाहेर आहोत. चौथा दोनदा सुटला, दोनदा परत गेला. पण तो ग्रुपवर आहे आणि गुरुवारची पाळी त्याचीच असते. गुरुवारी आमच्यापैकी कुणाचा "तलफ" आला की पाच मिनिटांचीही वाट बघत नाही, दोन मिनिटांत त्याचा फोन. आणि गंमत सांगू? बाकीच्या दिवसांचं माहीत नाही, पण गुरुवारी तो ओढत नाही. म्हणून या आठवड्यापासून आम्ही त्याला सोमवारही दिलाय.

तुमच्या तिघांची नावं आजच ठरवा आणि हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!