दुखत नाही म्हणून सोडू नका! शुगर असलेल्यांमध्ये पायाच्या जखमेचा धोका कुणाला जास्त?

शेतातून घरी आल्यावर पाय धुताना पाण्यात रक्त दिसतं. बघावं तर तळव्यात बाभळीचा काटा. कधी रुतला, पत्ताच नाही. "दुखत नाही ना, मग राहू दे," असं म्हणून माणूस जेवायला बसतो. शुगर असलेल्यांना नेमकी हीच चूक महागात पडते. जखम होऊनही दुखत नसेल, तर धोका कमी नाही, उलट जास्त असतो.

पाय बधिर का होतात?

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, तळवे जळजळतात. पुढे स्पर्शच कळेनासा होतो. चप्पल पायातून निसटली तरी काही जणांना समजत नाही. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तर पायाला रक्त कमी पोहोचते आणि जखम भरत नाही. जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला, तर बोट किंवा पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

धोका कुणाला जास्त?

- पाय बधिर झालेले
- पूर्वी पायाला जखम झालेले किंवा बोट कापावे लागलेले
- बरीच वर्षे शुगर असलेले, त्यातही ती ताब्यात नसलेले
- विडी-सिगारेट ओढणारे
- बोटे वाकडी झालेले, तळव्याला घट्टे किंवा कुरूप असलेले
- किडनीचा आजार असलेले
- नजर कमी झाल्याने स्वतःचा तळवा नीट न दिसणारे
- अनवाणी फिरणारे किंवा घट्ट चप्पल-बूट घालणारे

घरच्या घरी करा ही तपासणी

रुग्णाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका. स्पर्श कळला की त्याने सांगायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर पाय बधिर झाल्याची शक्यता असते. डॉक्टरांना पाय दाखवून घ्या.

काय टाळावे?

कुरूप ब्लेडने कापू नका. भेगांवर किंवा काटा रुतलेल्या जागी बिब्बा लावू नका, त्याने कातडी भाजते. शेकोटीवर पाय शेकू नका. अंघोळीचे पाणी आधी कोपराने बघा, पायाने नको.

रोज काय करावे?

रात्री झोपण्याआधी दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर मोबाईलने तळव्याचा फोटो काढा किंवा घरच्यांना बघायला सांगा. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा, नाहीतर पावसाळ्यात चिखल्या होतात आणि तिथूनच जंतू आत शिरतात. चप्पल घालण्याआधी झटकून आत खडा-काटा नाही ना, ते बघा. घरातही चप्पल वापरा.

दवाखान्यात कधी जावे?

फोड, जखम, सूज, पू, वास किंवा कातडी काळी पडलेली दिसली, तर त्याच दिवशी जा. बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका. शुगर कधीच तपासली नसेल, तर 30 वर्षांवरील व्यक्तींची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. गावातल्या आशाताईंकडे चौकशी करा.