गोळ्यांना न जुमानणारं बीपी

‘मला काय धाड भरलीय?’ हे वाक्य आपल्या बायकांच्या तोंडात इतकं बसलेलं असतं, की खरंच काही झालं तरी तेच बाहेर पडतं. उच्च रक्तदाबाचं तर या वाक्यामुळे चांगलंच फावतं. दुखत नाही, खुपत नाही, ताप येत नाही. आतल्या आत मात्र हृदय, मेंदू, किडनी यांचं नुकसान चालू असतं. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातल्या ३४ टक्के मुंबईकरांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे तिघांमागे एक!

माझ्या मोठ्या नणंदबाई त्यातल्याच. बोरिवलीला राहतात, पंधरा वर्षं डबे करून देतात. तीन गोळ्या चालू असूनही बीपी १७०/१०० च्या खाली उतरेना. एका डॉक्टरांनी नव्या उपचाराचं नाव काढलं, तसा ताईंचा मला मुलुंडला फोन आला. ‘‘अगं, किडनीत तार घालून बीपी उतरवतात म्हणे. खरं असतं का असं काही?’’ मग मी चार ठिकाणी विचारलं, वाचलं. ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

किडनी आणि बीपी

किडनी फक्त लघवी तयार करत नाही. अंगात मीठ-पाणी किती ठेवायचं, हेही तीच ठरवते. मेंदूकडून किडनीकडे आणि किडनीकडून मेंदूकडे निरोप नेणारे बारीक मज्जातंतू किडनीच्या रक्तवाहिनीभोवती जाळ्यासारखे पसरलेले असतात. हे तंतू फार चेकाळले, की किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि बीपी चढतं.

‘रीनल डिनर्व्हेशन’ या उपचारात अँजिओग्राफीसारखीच जांघेतून एक बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, किडनीच्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात. तिथे रेडिओलहरींनी किंवा अल्ट्रासाऊंडने उष्णता देऊन ते तंतू निकामी करतात. पोट फाडायचं नाही, स्टेंट बसवायचा नाही.

कल्पना तशी जुनीच. १९३०-४० च्या दशकांत परदेशात सर्जन मोठं ऑपरेशन करून असे तंतू कापत. बीपी उतरायचं, पण उभं राहिलं की रुग्णाला घेरी यायची. मग औषधं आली आणि त्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरचा गुण रुग्णांवर पारखून १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेतलं औषधही याच प्रकारच्या मज्जातंतूंचा जोर कमी करतं.

खोटा उपचार, खरा धडा

कॅथेटरच्या उपचाराचे पहिले निष्कर्ष २००९ मध्ये आले आणि सगळीकडे वाहवा झाली. पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ५३५ रुग्णांवरच्या अभ्यासाने सगळ्यांना जमिनीवर आणलं. त्यात काहींना खरा उपचार दिला, तर काहींवर नुसतंच केल्यासारखं केलं. कोणाला काय मिळालं, हे रुग्णांना माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी खऱ्या उपचारवाल्यांचं वरचं बीपी सरासरी १४ ने उतरलं होतं, तर नुसतं दाखवण्यापुरतं केलेल्यांचंही जवळपास १२ ने! आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय म्हटल्यावर माणूस गोळ्या वेळेवर घेतो, पथ्य पाळतो, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

पुढे नळी आणि पद्धत सुधारली, पुन्हा काटेकोर अभ्यास झाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा दोन उपकरणांना मान्यता दिली. तरीही अपेक्षा बेताचीच ठेवायला हवी. सरासरी गुण साधारण एका गोळीइतका. काहींना जास्त, तर काहींना अजिबात नाही. गोळ्या बहुधा चालूच राहतात आणि खर्च लाखांत जातो. गरोदरपणात किंवा किडनी बरीच खराब झालेली असेल तर हा उपचार करत नाहीत.

ताईंची पिशवी

आमच्या घरी मग खल सुरू झाला. भावोजींची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा दोन दिवसांत पैसे उभे राहिले होते. ताईंच्या वेळी मात्र ‘बघू, दिवाळीनंतर’ सुरू झालं. भाची चिडली आणि आईला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

त्यांनी आधी ताईंना पाच मिनिटं गप्प बसवलं, मग बीपी घेतलं. नंतर म्हणाले, ‘‘घरात जी जी औषधं आहेत ती सगळी पिशवीत घालून आणा.’’ पिशवीतून गुडघेदुखीची गोळी निघाली. ताई ती रोज घेत होत्या. अशा बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं. आणि तिसरी, लघवी वाढवणारी गोळी? बाजारहाटाला दादरला जायचं असलं, की ताई ती गाळायच्या. ‘‘लोकलमध्ये आणि स्टेशनवर कुठे जाऊ मी?’’ हे त्यांनी इतकी वर्षं कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

डॉक्टरांनी बाहेर जायच्या दिवशी ती गोळी घरी परतल्यावर घ्यायला सांगितली, गुडघ्यांसाठी वेगळा उपाय दिला, लोणचं-पापड बंद केले, रक्ताच्या तपासण्या करून चौथी गोळी जोडली. चार महिन्यांनी बीपी १३६/८४ वर आलं. ‘‘पुन्हा चढलं तर त्या उपचाराचा विचार करू,’’ असं डॉक्टर म्हणाले. ताईंना तूर्त गरज पडली नाही. पण सगळ्या गोळ्या नेमाने घेऊनही ज्यांचं बीपी हटत नाही, अशा बायका आहेतच. त्यांच्यासाठी हा मार्ग खुला आहे, हे घरच्यांना ठाऊक असायला हवं. तेव्हा ‘दिवाळीनंतर बघू’ नको.

हे नक्की करा

* बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर. मोजताना बोलू नका. अर्धा तास आधी चहा नको.
* घरी दंडावर पट्टा बांधायचं मशीन वापरा. आकडे वहीत लिहा. घरी सतत १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.
* मिश्री, तंबाखू, वेदनाशामक, गर्भनिरोधक गोळ्या, ज्येष्ठमधाचे काढे, जे घेत असाल ते सगळं डॉक्टरांना सांगा. लाजू नका.
* दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात पापडखार, लोणचं, फरसाणही धरा.
* तीन गोळ्यांनंतरही बीपी चढंच असेल तर विचारा, ‘‘किडनीची रक्तवाहिनी, थायरॉइड, हार्मोन्स तपासायचे का? मी घोरते, त्याचा संबंध असेल का?’’ नव्या उपचाराची चौकशी त्यानंतर.
* बरं वाटलं म्हणून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एखादी गोळी घेणं अडचणीचं होत असेल तर ती अडचण डॉक्टरांना सांगा. वेळ बदलून मिळते.